जर्मन भाषा आणि रोजकीर्द

२०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयीं करार केला, तेव्हांपासून जर्मन भाषा शिकण्याची गोष्ट आमच्या मध्यम स्थितीच्या घरांतूनही निघूं लागली आहे. परिचारिकेचें शिक्षण घेतलेली मुलगी, वीजकाम जाणणारा मुलगा, यांनीं नवी भाषा शिकून परदेशीं जावें, यांत आम्हांस गैर कांहींच दिसत नाहीं. परंतु ‘सहा महिन्यांत जर्मन’ अशी पाटी वाचून जो गृहस्थ दागिने गहाण टाकावयास निघतो, त्याच्यापुढें थोडा हिशेब मांडणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

युरोपच्या परिषदेनें २००१ सालीं भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. जर्मनींत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यास बहुधा चौथी पायरी, म्हणजे बी-२, लागते. ग्योटे इन्स्टिट्यूट ही संस्था (आपणांकडे हिला मॅक्समुल्लर भवन म्हणतात, ज्याचें नांव दिलें त्या पंडितानें हिंदुस्थान जन्मांत पाहिला नाहीं, ही गंमत निराळी) आरंभापासून येथवर पोंचण्यास पंचेचाळीस मिनिटांच्या सुमारें ६०० ते ८०० तासिका धरते. म्हणजे ४५० ते ६०० तास झाले. ते सहा महिन्यांत बसवावयाचे तर एकही सुटी न घेतां रोज अडीच ते सव्वातीन तास निवळ वर्गांत गेले पाहिजेत. घरचा अभ्यास वेगळाच. ज्यास दुसरा उद्योग नाहीं त्यास हें साधेलही. रुग्णालयांत पाळी करणारीस कसें साधावें? रोज एकच तास मिळत असेल तर पंधरा ते वीस महिने लागतील, हें आरंभींच कबूल करावें.

मुदत खरी ठरली म्हणजे मग उद्देशाचें पाहावें. ‘जर्मन यावें’ हा उद्देश नव्हे, ती इच्छा होय. दसऱ्यापर्यंत रुग्णास कोठें दुखतें हें विचारतां यावें व त्याचें उत्तर कळावें, दिवाळीपर्यंत डॉक्टरांची वेळ टेलिफोनवर ठरवितां यावी, असा उद्देश असला म्हणजे तो साधला कीं नाहीं हें ज्याचें त्यास समजतें. बी-२च्या परीक्षेंत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण अशीं चार अंगें असून प्रत्येकांत शेंकडा ६० गुण मिळवावे लागतात. नुसतें व्याकरण घोकणारे अडतात ते येथेंच.

आतां संवयीची गोष्ट. रोजकीर्द रोज लिहिली तरच खतावणी जुळते, हें व्यापारी वाचकांस सांगावयास नको. कीर्द आठवड्यानें एकदम लिहूं म्हणणाराचें काय होतें हेंही ते जाणतात. भाषेचें तसेंच आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतः पाठ करून १८८५ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका बैठकींत लागोपाठ ६८ वेळां म्हणून जें साधलें, तें तीन दिवसांत वांटून ३८ वेळां म्हटल्यानेंच साधलें, असें त्यास आढळलें. आमच्या पंतोजींची उजळणी अगदींच अडाणी नव्हती म्हणावयाची! रविवारीं सात तास बसणारापेक्षां रोज एक तास बसणाराचा माल अधिक टिकतो. सेबास्टियन लाइटनर यानें १९७२ सालीं सुचविलेली पेटीही अशीच सोपी आहे. शब्दांचीं चिठोरीं करावीं. आठवलें तें पुढच्या कप्प्यांत टाकावें, चुकलें तें पुन्हा पहिल्यांत. पहिला कप्पा रोज पाहावा, पुढचे अधिकाधिक अंतरानें. शब्दाबरोबर त्याचें लिंगही लिहावें. मराठीप्रमाणें जर्मनमध्येंही तीन लिंगें आहेत, हा आपला फायदा. पण तेथें सूर्य स्त्रीलिंगी आहे, तेव्हां मराठीच्या भरंवशावर राहूं नये.

पण हा रोजचा तास आणावा कोठून? मुलगा अभ्यासास बसला म्हणजे घर चिडीचूप होतें. मुलगी बसली कीं तिला चहा टाकावयास, पाहुण्यांपुढें जावयास, भावाचे कपडे आवरावयास चार वेळां उठवितात, आणि पुढें ती परीक्षेंत अडली म्हणजे तिच्या बुद्धीला बोल लावतात. तिच्या मिळकतीवर ज्या घराची आशा आहे, त्या घरानें तिचा तास आधीं राखावा. दुकानांतील गुमास्ता शिकत असेल तर गिऱ्हाईक विरळ असतें ती वेळ मालकानें त्यास द्यावी. वर्गाची फी भरण्यापूर्वीं बापानें तासिका किती असें वर्गचालकास स्पष्ट विचारावें, आणि संध्याकाळचा चहा कोण टाकणार, हेंही त्याच दिवशीं घरांत ठरवून टाकावें.