बाबांनी दिलेलं वेबली

ओळखीच्या एका घरी परवा टेबलावर फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं वेबली रिव्हॉल्व्हर पाहिलं. घोड्याजवळची कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते आणि सहाही काडतुसं एकदम वर उचलली जातात. बर्मिंगहॅमची ती घडण आजही हातात घेतली की सोडवत नाही. "बाबांनी स्वतःच्या हाताने दिलं, आता ते माझंच," मुलगा म्हणाला. बाबा गावी, परवाना बाबांच्या नावाचा आणि रिव्हॉल्व्हर पुण्यात. मला काळजी वाटली ती इथेच.

परवाना माणसाला मिळतो, शस्त्राला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात भेट हेही हस्तांतरणच आहे. घेणाऱ्याकडे आधी स्वतःचा परवाना हवा, आणि देणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं असतं. विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षांची कैद आहे. वाट मात्र बंद नाही. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं असलं, तर तो हयात असतानाही वारसाला अर्ज करता येतो. मंजुरी येईपर्यंत शस्त्र बाबांकडेच राहू द्यावं, नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं.

"इतकं जुनं आहे, अँटिकला लायसन्स कशाला?" हेही हमखास ऐकू येतं. कायद्यातली सूट, दुरुस्ती करूनसुद्धा झाडता येणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. चालू स्थितीतलं वेबली त्यात बसत नाही, मग ते कितीही वर्षांचं असो.

किमतीबाबत तर फारच घोळ आहे. जुनं म्हणजे महाग, असं सरसकट नसतं. आपल्याकडे भाव ठरतो आधी बोअरवर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासावर. वेबलीची .३२ आणि .३८ ही रिव्हॉल्व्हरं दिसायला भावंडं, पण .३८ प्रतिबंधित बोअर, त्याचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाकडून लागतो, म्हणून गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. .३२ मात्र सामान्य परवान्यावर घेता येतं, आणि परदेशी माल सहज येत नसल्याने चांगल्या नगाला मोठी मागणी असते. त्यानंतर पाहतात मूळ निळसर-काळी झळाळी, सांगाड्यावरचा आणि सिलिंडरवरचा जुळणारा क्रमांक, नळीच्या आतले आटे. कौतुकाने निकेल चढवून आणलं, तर मूळ कातडीच गेली. जाणकार तिथेच भाव उतरवतो. माझं कळकळीचं सांगणं: जुन्या डागासकट राहू द्या, फक्त तेलाचा हलका हात फिरवा.

परवाना हातात आला म्हणजे कुठेही मिरवता येतं, असंही नाही. परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्रातच ते नेता येतं, आणि सार्वजनिक जागी होल्स्टरमध्ये. वरातीत बेदरकारपणे बार काढणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि "रिव्हॉल्व्हर आपोआप सुटत नाही" हा सर्वांत घातक गैरसमज. कित्येक जुन्या नगांत घोड्याचं टोक थेट काडतुसावर टेकतं. खाली पडलं की बार उडू शकतो. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलातला एक खलाशी असाच, हातून पडलेल्या रिव्हॉल्व्हरने मेला, तेव्हा ते बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसनने घोड्याची अटकावणी नव्याने बसवली. म्हणून जुनं रिव्हॉल्व्हर आधी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यायचं, आणि सहा घरांपैकी घोड्याखालचं एक रिकामं ठेवायचं.