स्प्रिंगचे ठोके, स्फटिकाची कंपने

कल्याण-डोंबिवलीत लोकल मिनिटावर ओळखतात. ठरलेली गाडी हुकली की बसायची जागा जाते, ठाण्याला बदलायची गाडी जाते आणि कचेरीत लेटमार्क लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून हा सारा पट्टा घड्याळाच्या काट्यावर चालतो. अशा ठिकाणी मनगटावर कोणते घड्याळ असावे, चावीचे की सेलचे?

चावी दिली की आतली मुख्य स्प्रिंग आवळते आणि उलगडताना दातेरी चाके फिरवते. ती एका दमात उलगडू नये म्हणून शेवटच्या चाकापाशी अडसर असतो. केसासारख्या बारीक स्प्रिंगवर बॅलन्स व्हील डावी-उजवीकडे झुलते आणि प्रत्येक झोक्याला हा अडसर क्षणभर उघडतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती हीच. एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळात असे ठोके सेकंदाला ५, म्हणजे दिवसाला ४,३२,००० पडतात.

असे घड्याळ दिवसाला १० सेकंद चुकले तरी ते उत्तमच म्हणायचे, कारण ही चूक ८,६४० सेकंदांत एका सेकंदाची झाली. चाके आणि स्प्रिंग यांच्याकडून एवढी अचूकता मिळवणे ही माणसाच्या हस्तकौशल्याची कमाल आहे. पण घड्याळ लावून घेतले नाही, तर महिन्याअखेर हीच चूक ५ मिनिटांवर जाते आणि तेवढ्यात गाडी निघून जाते.

सेलचे घड्याळ चालते क्वार्ट्झ या स्फटिकावर, आणि त्याचे मूळ १८८० सालच्या शोधात आहे. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवले. उलट, स्फटिकाला वीज दिली की तो किंचित वाकतो. या गुणावर चालणारे पहिले घड्याळ १९२७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाले. ते मनगटावर यायला २५ डिसेंबर १९६९ उजाडला. त्या दिवशी जपानच्या सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ बाजारात आणले. आपल्याकडे १९८७ पासून टायटनने क्वार्ट्झ घरोघरी नेले.

आजच्या घड्याळातला चिमट्याच्या आकाराचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या १५ वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो. आतली चिप हीच विभागणी करते आणि दर सेकंदाला इवल्या मोटरला एक झटका देते. म्हणून सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा उड्या मारत जातो.

क्वार्ट्झच्या अचूकतेचे श्रेय विजेपेक्षा स्फटिकाला जास्त आहे. झोपाळा चालू ठेवायचा तर सतत झोका द्यावा लागतो आणि प्रत्येक झोका थोडा कमी-जास्त पडतोच. बॅलन्स व्हीलचे तसेच आहे. हवा आणि घर्षण त्याची ऊर्जा खातात, त्यामुळे स्प्रिंगला त्याला दर फेरीत ढकलावे लागते आणि लय किंचित बिघडते. वंगण सुकले, मनगटाचा कोन बदलला, लोहचुंबक जवळ आला, तरी ती बिघडते. कठीण स्फटिक प्रत्येक कंपनात फारच थोडी ऊर्जा गमावतो, म्हणून त्याला ढकलावेही थोडेच लागते. साधे क्वार्ट्झ महिन्याला साधारण १५ सेकंद चुकते. ५ मिनिटांची चूक साचायला त्याला २० महिने लागतात.

तेव्हा लोकल गाठायला क्वार्ट्झच बांधावे, आणि संपलेला सेल लगेच काढावा, कारण तो गळला की सर्किट जाते. पण जुने चावीचे घड्याळ भंगारात घालू नये. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी तिची घड्याळे चालू राहू शकतात. चार-पाच वर्षांनी जाणत्या घड्याळजीकडून ते साफ करून तेलपाणी करून घ्यावे. आपल्या गल्लीतले हे कौशल्य गिऱ्हाईक आले तरच टिकेल. आणि घड्याळ उघडलेले असताना मुलांना शेजारी उभे करावे. क्वार्ट्झमध्ये वेळ कशी मोजली जाते ते डोळ्यांना दिसत नाही. इथे प्रत्येक दाता, प्रत्येक झोका दिसतो आणि भौतिकशास्त्र पुस्तकाबाहेर येते.