संघ जिंकला, तरी प्रशिक्षक गेले; ७.६ कोटी डॉलरच्या हकालपट्टीमागील कारणे

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाने ११ नोव्हेंबर २०२३ रोजी मिसिसिपी स्टेट संघाचा ५१-१० असा धुव्वा उडविला. दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक जिंबो फिशर यांना पदावरून दूर करण्यात आले. चाहत्यांचा रोष एका विजयाने शमण्यासारखा उरला नव्हता.

फिशर यांनी २०१३ मध्ये फ्लोरिडा स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. टेक्सास ए अँड एमला ते १९३९ नंतर मिळालेले नाही. २०२० मध्ये संघाने दहापैकी नऊ सामने जिंकले आणि पुढच्याच वर्षी फिशर यांचा करार २०३१ पर्यंत वाढविण्यात आला. ही घाई महागात पडली. २०२२ मध्ये बारापैकी सात सामने गमवावे लागले. त्यांत ॲपलाचियन स्टेटसारख्या तुलनेने लहान संघाकडून घरच्या, लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या मैदानावर झालेला पराभव चाहत्यांना विशेष झोंबला.

तरीही फिशर आणखी एक हंगाम टिकले. करारात उर्वरित संपूर्ण वेतनाची हमी होती. त्यांना अन्यत्र नोकरी मिळाली तरी त्यात कपात होणार नव्हती. त्यामुळे त्यांना काढण्याची किंमत ७.६ कोटी डॉलरच्या घरात गेली. यापूर्वी गाजलेली ऑबर्न विद्यापीठाची २०२० मधील भरपाई सुमारे २.१५ कोटींची होती.

हा भार क्रीडा विभाग आणि देणगीदारांची ‘ट्वेल्थ मॅन फाउंडेशन’ ही संस्था उचलेल, असे जाहीर झाले. म्हणजे तिकिटे घेणारा, देणग्या देणारा आणि हकालपट्टीची मागणी करणारा वर्ग बराचसा एकच. सुमारे १.९ कोटी डॉलर साठ दिवसांत, तर उरलेली रक्कम २०३१ पर्यंत वार्षिक हप्त्यांत देण्याचे ठरले.