उघड्या कॉकपिटमधला माणूस : ऊन, वारा, पाणी आणि शिडाची बोट

नागपूरहून समृद्धी महामार्गानं निघालं तर ७०१ किलोमीटरनंतर मुंबईची वेस लागते, आणि समुद्र त्याच्याही पुढे. तरी आजचा विषय समुद्रावरच्या बोटीचा आहे, आणि आम्हाला वाटतं तो नागपूरकरांना मुंबईकरांपेक्षा जरा लवकरच कळेल. कारण विषय शेवटी ऊन, वारा आणि अंगावरचं पाणी यांचा आहे. मे महिन्यात भर दुपारी दुचाकीवर निघताना तोंडाला दुपट्टा का गुंडाळायचा, कूलरच्या ओल्या वाळ्यातून आलेली हवा गार का लागते, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. तेच शास्त्र आज बोटीवर न्यायचं आहे.

बोट कुठली? गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' आणि तिची धाकटी बहीण 'तारिणी'. दोन्ही ५६ फुटी, दोन्हींचा आराखडा एका डच कंपनीचा. ही कल्पना मुळात निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून हा माणूस भारतीयानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असा ध्यास घेऊन बसला होता. १९ ऑगस्ट २००९ ला दिलीप दोंदे 'म्हादेई' घेऊन मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परतले. नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या पाच महिन्यांत अभिलाष टॉमी याच बोटीतून कुठेही न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी 'तारिणी'तून, आणि २ ऑक्टोबर २०२४ ला निघून मे २०२५ मध्ये परतलेल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच. शेवटच्या दोघींचा विचार करा. एक झोपली की दुसरी वर एकटी. आठ महिने.

हे 'वर' म्हणजे कॉकपिट. विमानाचं कॉकपिट बंद असतं. बोटीचं म्हणजे डेकच्या मागच्या भागात केलेला खळगा. बसायला दोन्हीकडे बाक, समोर सुकाणूचं चाक, शिडांच्या दोऱ्या इथेच येतात, आणि खाली केबिनमध्ये उतरायचं दारही इथूनच. म्हणजे घराची ओसरी, स्वयंपाकघराचा उंबरा आणि ट्रकची ड्रायव्हर सीट, तिन्ही एकाच जागी, आणि डोक्यावर काही नाही.

आता थंडीचं गणित बघू. आपल्याकडे ४५ अंशात वारा सुटला तर तो शरीर तापवतो, कारण हवा त्वचेपेक्षा गरम. फक्त घाम वाळताना थोडी सुटका होते. न्यूझीलंडहून केप हॉर्नकडे जाताना हवा पाचेक अंशांची असते. तिथे वाराही उष्णता ओढतो आणि अंगावरचं पाणी वाळताना तेही ओढतं. दोघं एकाच बाजूनं खेळतात. ५ अंश तापमानात ताशी ५० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या, कोरड्या चेहऱ्याला ते उणे १ अंशासारखं वाटतं. आणि समुद्रावर चेहरा कोरडा नसतोच. कपड्यांत एक लिटर पाणी मुरलं आणि ते अंगावरच वाळलं, तर त्याला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. दिवसभरात माणूस साधारण २४०० किलोकॅलरी खातो असं धरा. म्हणजे एका ओल्या कपड्यानं एका जेवणाएवढी ऊर्जा नुसती हवेत घालवली.

म्हणून 'कॉकपिटमधला आराम' हा शब्द फसवा आहे. आराम म्हटलं की गाद्या आणि चहाचे कप डोळ्यांसमोर येतात. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की बोटं आधी बधिर होतात, मग डोकं. माणूस गाठ चुकीची मारतो, शीड आवरायला उशीर करतो, कंबरेचा दोर अडकवायला विसरतो. समुद्रावरचे किती अपघात वादळानं होतात आणि किती थकलेल्या माणसाच्या क्षुल्लक चुकीनं, याचा हिशेब कोणी मांडो न मांडो, निसटलेला हात हा निसटलेलाच असतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे डॉजर. पाइपच्या सांगाड्यावर ताणलेलं जाड कापड, पुढे पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी, आणि ते खाली उतरायच्या दारावर छज्जासारखं बसवलेलं. आपल्याकडे कोकणात भातलावणीला इरलं घेतात ना, वाकलेल्या पाठीवरून पाणी निथळून जावं म्हणून, अगदी तसंच. फक्त हे इरलं बोटीनं पांघरलेलं. त्याच्या आडोशाला बसलं की वारा डोक्यावरून जातो आणि तुषार चेहऱ्यावर येत नाहीत.

डॉजरचं दुसरं काम लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. ते मिठाचं आहे. समुद्राच्या पाण्यानं भिजलेला कपडा उन्हात वाळला तरी मीठ त्यात राहतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की ते मीठ पुन्हा पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं, ते आठवा. समुद्रावर आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्तच. म्हणजे एकदा का खारं पाणी केबिनच्या दारातून आत गेलं आणि अंथरुणाला लागलं, की ते अंथरूण गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय खरं कोरडं होत नाही. आणि गोडं पाणी तर मोजून प्यायचं. डॉजर दार कोरडं ठेवतो, म्हणजे झोप कोरडी ठेवतो, आणि आमच्या मते त्याची निम्मी किंमत इथेच वसूल होते.

आता खरी अडचण. हा आडोसा पुढून येणाऱ्या वाऱ्यासाठी असतो. बोट वाऱ्याच्या तोंडावर जात असेल, समजा वारा १५ नॉट आणि बोट ७ नॉट, तर माणसाला लागणारा वारा वीसेक नॉटचा होतो. तीच बोट वारा पाठीशी घेऊन पळाली तर त्याला फक्त ८ नॉट जाणवतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गात बदलतो, म्हणजे या दोन स्थितींत सहापटींहून जास्त फरक. शनिवार-रविवार फेरफटका मारणाऱ्याला त्रास होतो तो पुढून, म्हणून डॉजर पुढे. पण दक्षिण महासागरात पृथ्वीप्रदक्षिणा पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात, कारण तिथला वारा पश्चिमेचा. सगळं वादळ मागून येतं. लाटा मागून येतात. आणि डॉजर मागून सताड उघडा! छत्री धरावी आणि पाऊस पाठीमागून यावा, तशी गत.

मागून लाट कॉकपिटमध्ये कोसळली तर काय होतं? २ मीटर लांब, सव्वा मीटरला जरा कमी रुंद आणि अर्धा मीटर खोल कॉकपिट धरा. साधारण १.२ घनमीटर, म्हणजे सव्वा टन पाणी, एका क्षणात बोटीच्या शेपटीवर. शेपूट दबली की पुढची लाट आणखी सहज वर येते. हे पाणी उपसत बसायला वेळ नसतो, ते तळाच्या भोकांतून आपोआप समुद्रात जायला हवं. दीड इंची दोन नळ असतील तर आमच्या ढोबळ हिशेबानं नऊ-दहा मिनिटं लागतात. नळ तीन इंची केले तर भोकाचं क्षेत्रफळ चौपट, आणि काम सव्वादोन-अडीच मिनिटांत. म्हणून बोट विकत घेणारा गाद्या बघत असतो तेव्हा जाणता खलाशी वाकून ही भोकं बघतो. दुसरी गोष्ट तो बघतो ती केबिनच्या दाराचा उंबरा. बाकाएवढा उंच असेल तर भरलेलं कॉकपिट केबिनमध्ये ओतलं जात नाही. आपल्या जुन्या वाड्यांचे उंबरे असेच, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून उंच.

या सगळ्याला एक जुना धडा आहे, आणि त्याचा धागा मुंबईशी जोडलेला आहे. १९६८-६९ मध्ये न थांबता, एकट्यानं प्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहैली' ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत, इथल्याच कारागिरांनी बांधलेली. दक्षिण महासागरात शिरल्या शिरल्या लाटेनं ती आडवी केली आणि अख्खी केबिन डेकवर जागची हलली. लाकडाची केबिन हलते, तिथे कापडाची काय कथा. पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, 'सुहैली'च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'तून अभिलाष टॉमी निघाले. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळानं त्या बोटीच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं.

मग कडक डॉजर करावा का, फायबरचा, काचेचा? लोक यावर तावातावानं भांडतात. हिशेब असा, की दोन चौरस मीटर उभा पृष्ठभाग ५० नॉट वाऱ्यात साधारण ८० किलोचा धक्का खातो. २५ नॉटला तोच वीस किलो. कापड असेल तर वादळाआधी पाडून बांधून टाकता येतं. कडक असेल तर तो धक्का, शिवाय लाटेचा मार, त्याला खावाच लागतो आणि मोडला तर तिथे भोक पडतं. उलट कडक डॉजरला हात धरता येतो, त्यावर सौर पट्टे बसतात, आणि तो फाटत नाही. किनाऱ्यानं गोवा-रत्नागिरी फिरणाऱ्यानं कापडच घ्यावं, असं आमचं मत. लांब जाणाऱ्यानं कडक घ्यावा, पण डेकला तो असा बसवावा की त्यावर माणूस उभा राहिला तरी हलणार नाही.

तिसरा रस्ता ब्लाँडी हॅसलर यांनी १९६० मध्येच दाखवला होता. अटलांटिक ओलांडायच्या पहिल्या एकट्याच्या शर्यतीत त्यांनी पंचवीस फुटी 'जेस्टर' नेली. तिचं उघडं कॉकपिट त्यांनी झाकूनच टाकलं होतं. डेकमध्ये एक गोल भोक, त्याला बाबागाडीच्या टपासारखा फिरता टप, आणि हे गृहस्थ आत उभे राहून शिडाच्या दोऱ्या ओढत होते. वारा फिरला की टप फिरवायचा! ४८ दिवसांत ते दुसरे आले. मागून येणाऱ्या वाऱ्याचा प्रश्न इतक्या साधेपणानं सोडवलेला आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.

उन्हाचं थोडक्यात सांगतो, कारण उन्हावर नागपुरात व्याख्यान देणं म्हणजे पुण्यात पाट्यांवर. गोव्याहून ऑस्ट्रेलियाला जाताना विषुववृत्ताजवळ वारा पडतो, बोट जागची हलत नाही. तेव्हा लागते बिमिनी, म्हणजे सुकाणूवरची सपाट कापडी सावली. तिला वरती छोटी पारदर्शक खिडकी हवी, नाहीतर शिडाचा शेंडा दिसत नाही आणि माणूस सारखा मान बाहेर काढून बघत राहतो, म्हणजे सावली असून उन्हातच. आणि फक्त वरून झाकून भागत नाही. सकाळ-संध्याकाळ ऊन आडवं येतं, पाण्यावरूनही परततं. बाजूला बांधायचा एखादा फडका जवळ ठेवावा.

कपड्यांबद्दल एकच. सुती कपडा ओला झाला की अंगाला चिकटून गारठवतो. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा पिऊनही ओली लागत नाही, आणि ओलावा पिताना थोडी ऊब सोडते. पावसात डोंगरावर उभ्या असलेल्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी का असते, याचं उत्तर हेच. त्यावर वारा अडवणारा बाहेरचा थर हवा, एवढंच.

एक प्रश्न आलाय. 'मग चारही बाजूंनी काच लावून एसी केबिनच का करत नाहीत?' करतात काही जण. पण शिडाच्या बोटीवर कानामागे लागणारा वारा हीसुद्धा माहिती असते. वारा दहा अंश फिरला तर चाकावर उभ्या माणसाला ते गालावर कळतं, यंत्राकडे बघायच्या आधी. रात्री मागून येणाऱ्या लाटेचा आवाज आधी येतो, फेस नंतर दिसतो. पूर्ण बंद केलेला माणूस ऊबदार राहतो आणि बहिरा होतो. म्हणून आडोसा असा हवा की बसलेला माणूस त्यात पूर्ण झाकला जाईल, आणि उभा राहिला की डोकं बाहेर येईल.

दुसरा प्रश्न, 'ही उंची ठरवायची कशी?' कागदावर ठरवू नका. बांबूच्या कामट्या आणि जुनी चादर घेऊन बोटीवरच खोटा डॉजर उभा करा. बोटीवरचा सगळ्यात बुटका आणि सगळ्यात उंच माणूस, दोघांनाही बसवा आणि उभं करा. कापडाची वरची कड कोणाच्याही डोळ्यांच्या रेषेत येता कामा नये. एकतर स्पष्ट वरून दिसावं, नाहीतर खिडकीतून. मग दोरी ताणायच्या विंचचा दांडा हातात घ्या आणि पूर्ण वाटोळा फिरवा. कोपर कापडाला घासलं तर सांगाडा चार बोटं पुढे सरकवा, आणि मगच शिवायला टाका.