माइनक्राफ्टच्या भट्टीतून सिलतऱ्याला

माइनक्राफ्ट खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, लोखंड कसं करतात ते घडाघडा सांगेल. भट्टीत वर खनिज, खाली कोळसा. दहा सेकंदांत वीट हजर, आणि एका कोळशात आठ विटा.

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की सिलतऱ्याची औद्योगिक वसाहत येते. तिथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांतही आत जातं ते खनिज आणि कोळसाच. गंमत अशी, की ते खनिज लोखंड होतं, पण वितळत मात्र नाही!

शुद्ध हेमॅटाइटच्या शंभर किलोंत लोखंड सुमारे ७० किलो असतं, उरलेला ऑक्सिजन. तो काढून घेतला की काम झालं. किंचित कललेल्या, संथ फिरणाऱ्या लांबलचक नळकांड्यात खनिज, कोळसा आणि थोडा डोलोमाइट हजार-अकराशे अंशांवर तासन्‌तास लोळत राहतात. कोळशातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून नेतो. लोखंड वितळायला १,५३८ अंश लागतात, तेवढा ताप इथे नसतोच. ढेकूळ घन ते घनच राहतं, फक्त आतून छिद्राछिद्रांचं होतं. मग चुंबक लोखंड उचलतं आणि राख, उरलेला कोळसा मागे राहतो. आसपासच्या गावांच्या वाट्याला काळी धूळ येते, तेही सांगायला हवं. खेळात कोळसा नुसता जळतो. त्याच्या जागी लाव्हाची बादली ठेवली तरी चालतं. सिलतऱ्यात नाही चालणार.

आता या पोराला ग्रंथालयानं पुढे काय वाचायला द्यावं? बहुतेक ठिकाणी माइनक्राफ्टवरचंच आणखी एक पुस्तक पुढे येतं. त्यात ग्रंथपालाचा सगळा दोष नाही. ड्यूई वर्गीकरणात संगणकावरचे खेळ ७९४.८ मध्ये, सिनेमा ७९१.४३ मध्ये, धातुशास्त्र ६६९ मध्ये, खाणकाम ६२२ मध्ये आणि लोककथा ३९८ मध्ये. लोखंडाचा सगळा गोतावळा असा वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेला. पुस्तकाला त्याचा वाचक गाठून देणं हे ग्रंथालयाचंच काम, असं एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच नियम म्हणून मांडलं होतं. शिफारशीची यादी त्यासाठीच हवी, आणि ती कपाटं ओलांडणारी हवी.

माझ्या यादीत पहिलं नाव व्हेरिअर एल्विन यांच्या ‘द आगरिया’चं. १९४२ चं हे पुस्तक मध्य भारतातल्या लोखंड गाळणाऱ्या आगरिया जमातीवर आहे. मातीची भट्टी, लाकडी कोळसा, पायानं चालवायचे भाते. आणि तिथंही लोखंड न वितळताच मिळतं, नंतर ठोकून मळी काढायची. म्हणजे सिलतऱ्यातलं रसायन या मुलखाला नवं नाहीच! आगरियांचे देवही कारखान्याच्या विभागांसारखे वाटून घेतलेले: लोहासुर लोखंडाचा, कोइलासुर कोळशाचा, अग्यासुर आगीचा. या कथांची गोडी लागली तर दुर्गा भागवतांचं ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ हाताशी ठेवावं.

पाहायला अमित मसूरकरांचा ‘न्यूटन’ (२०१७). त्याचं चित्रीकरण लोहखनिजाच्या दल्ली राजहरा परिसरात झालं. त्यातल्या जंगलातल्या मतदानानं अस्वस्थ झालात तर विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ वाचा. पण मला दल्ली राजहराचं नाव ऐकून आठवतं ते नागपूर. विसाव्या शतकाच्या आरंभी चांद्याकडचा लोखंडाचा शोध सोडून देण्याच्या बेतात दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात आले होते. भेटीची वाट पाहताना ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि एका भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यातला गडद रंग त्यांच्या नजरेस पडला. तोच दल्ली राजहराचा डोंगर. टाटांचा कारखाना शेवटी दुसरीकडे गेला. या डोंगरातलं लोखंड पुढे भिलाईच्या भट्ट्यांत गेलं. टाटांच्या त्या उद्योगाची कहाणी, ‘द स्टोरी ऑफ टाटा स्टील’, १९५८ मध्ये लिहिली कुणी? त्याच एल्विननं!

रायपुरात नालंदा परिसर हे रात्रंदिवस उघडं असणारं ग्रंथालय आहे. याच शहरातली एनआयटी १९५६ साली खाण आणि धातुशास्त्राचं कॉलेज म्हणून जन्मली. पुस्तकांना तोटा नाही, प्रश्न नीट विचारायला हवा. तेव्हा ग्रंथपालासमोर उभे राहिलात की खेळाचं किंवा सिनेमाचं नुसतं नाव सांगू नका. त्यातलं काय आवडलं, ते सांगा.