जाळी विणणारा इंजिनिअर

आज्जी विचारते, "दिवसभर कॉम्प्युटरवर करतोस तरी काय?" मी सांगतो, "जाळी विणतो!"

माझं काम मेशिंगचं. पंपाचं कास्टिंग असो वा पूल, त्याच्या आकाराचे हजारो लहान तुकडे पाडायचे. मग प्रत्येकावरचा ताण संगणक काढतो. सपाट भागात तुकडे मोठे चालतात, पण भोकं, कोपरे, गोलाई इथे बारीकच हवेत. वेळ वाचवायचा मोह नेमका तिथेच होतो.

पहिल्या नोकरीत मीही एका गोलाईवर जाडीभरडी जाळी ठेवली. साहेब रागावले नाहीत, त्यांनी नॉर्वेची गोष्ट सांगितली. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर-ए या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असताना फुटून बुडाला. भिंती एकत्र येतात तिथली जाळी सदोष होती, त्यामुळे कातरताण ४७ टक्के कमी धरला गेला. सळयाही अपुऱ्या पडल्या. सुदैवानं जीवितहानी झाली नाही.

मी जाळी बारीक केली, तर ताण वाढला. आणखी बारीक केली, पुन्हा वाढला. आकडा स्थिरावला तेव्हाच रिपोर्ट दिला.

इंजिनिअरिंगला असाल तर स्क्रीनवरच्या रंगीत चित्रावर लगेच भाळू नका. जाळी बारीक करून एकदा पुन्हा बघा.