दोन साच्यांमधून निसटलेलं उत्तन

हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस ओळखायला क्षणही लागत नाही: गळ्यात क्रूस, हातात ग्लास आणि तोंडात मोडकीतोडकी हिंदी. मराठी मालिकेतला कोळीही तसाच. कमरेला रुमाल आणि ओठांवर एकवीरा आईचं नाव.

आता मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतल्या उत्तनला जा. किनाऱ्यावर बांबूंना बोंबील सुकत घातलेले दिसतील. डोलजाळ्यांनी ते पकडणारे इथले कोळी बहुतांश कॅथलिक. आडनावं पोर्तुगीज वळणाची, घरातली बोली मराठी, चर्चमधली मिस्साही मराठी! या माणसाला पडद्यावर शोधायचं कुठे? ख्रिस्ती म्हणून बघावं तर भाषा जुळत नाही, कोळी म्हणून बघावं तर देव जुळत नाही. दोन साच्यांच्या फटीतून अख्खं गाव निसटतं.

गंमत म्हणजे हे निसटणं मोजता येतं. अमेरिकेत माध्यम-अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी १९६७ पासून दरवर्षी टीव्हीवरच्या कार्यक्रमांचा नमुना घेऊन पात्रांची शिरगणती सुरू केली. वय काय, धंदा कोणता, मारतं कोण, मार खातं कोण, अशा नोंदी होऊ लागल्या. पुरुष पात्रं बायकांच्या जवळपास तिप्पट निघाली. समाजात निम्म्या असलेल्या बायका पडद्यावर जेमतेम पाव उरल्या होत्या!

शिरगणतीनंतर बघायचं, कुणाच्या वाट्याला काय आलं. 'अनाडी' (१९५९) मधली ललिता पवारांची मिसेस डिसा ही मायाळू घरमालकीण, तर 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला अँथनी दारूचा गुत्ता चालवणारा. दोघंही प्रेक्षकांची लाडकी. साचा द्वेषातून घडतो तसा लाडातूनही घडतो, आणि लाडाचा साचा मोडणं जास्त अवघड. त्याविरुद्ध तक्रार करणार कोण?

उत्तनहून खाडीपलीकडच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. असा मराठीत ग्रंथ लिहिणारा फादर तुम्ही कुठल्या मालिकेत पाहिलात?

आठवडाभर आवडती मालिका वही घेऊन बघा. चार रकाने आखा: पात्र कुठल्या समाजाचं, काम काय करतं, बोलतं कसं, आणि घरातला निर्णय कोण घेतं. मग आपल्या इमारतीतले किती शेजारी त्या यादीत नाहीत, तेही मोजा. तो आकडा वाहिनीला जरूर कळवा.